सालीसकट

सालीवरून त्या घरात रोज वाजायचं. अंगणात बांबूचे तुकडे उतरले, म्हाताऱ्याने कोयत्याला धार लावली, पहिली चीर पडली की सुरू.

"आबा, साल राहिलीय."

"राहिली नाही. ठेवलीय."

"ठेवायची नाही ना पण. किती वेळा सांगायचं?"

"मला नको सांगूस. या हातांना सांग. ते ऐकत नाहीत."

सून पुढे वाद घालत नसे. कामटी उचलायची, फळीवर दाबून धरायची आणि रंधा ओढून वरची चकाकती साल काढून टाकायची. मग कामटी उलटी करून आतला मऊ पांढरा भागही काढायचा. मधला तेवढा ठेवायचा, सगळीकडून सारख्या जाडीचा. सालीची हिरवी भेंडोळी तिच्या पायाशी साठत जायची आणि म्हातारा त्या ढिगाकडे पाठ करून बसायचा. कुणी दुधावरची साय काढून उकिरड्यावर टाकावी, तसं त्याला ते दिसत असे.

त्याचा जन्म टोपल्या विणण्यात गेला होता. विणकामात सालीलाच मान. आतला गर चुलीत घालायचा, साल तेवढी जपायची. ती वाकते, पाणी पीत नाही, वर्षानुवर्षं तुटत नाही. साल किती पातळ उतरवता येते यावरून कारागिराची लायकी ठरायची. त्याच्या हातच्या करंड्या फळबागवाले आधी सांगून ठेवून न्यायचे. पुढे प्लास्टिकचे क्रेट आले आणि बागवाल्यांनी इकडची वाटच सोडली. म्हाताऱ्याने विणलेल्या शेवटच्या करंडीत आता कोंबडी अंडी घालत होती.

मग नदीपलीकडे कारखाना उभा राहिला. तिथे बांबूच्या पट्ट्या उकळायच्या, वाळवायच्या, गोंद लावून एकावर एक रचायच्या आणि प्रेसमध्ये दाबून त्यांची लाकडासारखी सलग तुळई करायची. लोखंडाच्या जागी ही तुळई घालून लोक इमारती बांधणार, असं सांगत होते. लोक आधी हसले. हसणाऱ्यांचीच मुलं नंतर फाटकाशी रांगेत उभी राहिली. म्हाताऱ्याचा मुलगा प्रेसवर लागला. बांबू चिरायचं आणि रंधायचं काम मात्र कारखान्याने गावातल्या घरांना वाटून दिलं होतं. म्हणजे मुलाचा पगार त्याच फाटकातून यायचा आणि सुनेचा बांबूही त्याच फाटकातून. फाटक मिटलं की घरात काही उरत नव्हतं.

देखरेखीला एक तरुण साहेब होता. खिशात कायम पोलादी पट्टी, येता-जाता कामटीवर लावून बघायचा, म्हणून सगळे त्याला फुटपट्टी म्हणत. माणूस वाईट नव्हता. सुरुवातीला त्याने घराघरातल्या माणसांना कारखान्यात बोलावून शिकवलं होतं. सालीवर पाण्याचा थेंब टाकून दाखवला. थेंब घरंगळला. "बघा, इथे पाणी थांबत नाही. पाणी थांबत नाही तिथे गोंद काय थांबणार? साल राहिली की जोड सुटणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्यानेही डोलावली. घरी येऊन पोट धरून हसला. "पाणी थांबत नाही हाच तर सालीचा गुण! आणि हा शहाणा म्हणतो, काढा."

त्या वर्षी पाऊस लांबला. हवा कोरडीठक्क. बांबू चिरताना फटाफट फुटायचा, कुसळं उडून डोळ्यांत जायची. त्यातच कारखान्याने मोठी तुळई करायला घेतली. मोठमोठी सभागृहं बांधणारे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर तुळईवर वजनं चढवून दाखवायची, त्यांना पटलं तर पुढे कामच काम. या तुळईच्या पट्ट्या एकाच हातच्या असाव्यात असं ठरलं आणि फुटपट्टी थेट या अंगणात आला.

"आजोबांसारखं सरळ चिरणारं दुसरं कोणी नाही. सगळ्या पट्ट्या तुमच्याच घरच्या घेतो."

त्या दिवशी म्हाताऱ्याने दाढी केली.

चिरायचं काम त्याचं, रंधायचं सुनेचं. दिवसभर रंधा ओढून ओढून तिचं मनगट सुजलं. आधी ती फडकं बांधून काम करत राहिली. मग बोटं मिटेनात. रंधा हातातून निसटून पायावर पडला, तेव्हा म्हातारा उठला.

"दे इकडे."

"तुम्ही साल ठेवाल."

"नाही ठेवत. शपथ घालतेस का?"

शपथ तिने घातली नाही, रंधा दिला. तो रंधत गेला, ती डाव्या हाताने गठ्ठे बांधत गेली. एकदा एका कामटीवरून तिचं बोट फिरलं आणि थांबलं.

"आबा, ही अशी गुळगुळीत का लागते?"

"धार लावलीय रंध्याला. तुझ्यासारखं ओरबाडत नाही मी."

कामटीवर हिरवा रंग तर नव्हता. मनगट ठणकत होतं. तिने गठ्ठा बांधून टाकला.

पाहुण्यांच्या दिवशी कारखान्याच्या आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. तुळई दोन लोखंडी घोड्यांवर आडवी ठेवली होती, मधासारख्या रंगाची, पॉलिश करून चकचकीत. गावातली माणसं भिंतीकडेने उभी. म्हातारा धुतलेले कपडे घालून सगळ्यांत पुढे. फाटकावरच्या माणसाला त्याने दोनदा सांगितलं, "आपल्या घरची कामटी आहे ही. अख्खी."

"कळलं हो आबा. आता काय पत्रिका छापायची?"

साखळीने वजनं चढवायला सुरुवात झाली. तुळईखाली एक दोरी ताणून बांधली होती, तुळई किती वाकते ते बघायला. फुटपट्टी वाकून मोजायचा आणि आकडा ओरडायचा. पाहुणे माना हलवत होते. मालकाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. आणखी वजन चढलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. आपल्याच घरच्या कौतुकाला कोण टाळ्या वाजवतं?

आणि आवाज आला. लाकूड मोडताना येतो तसा नाही. जुनं कापड फाडावं तसा, लांबलचक. तुळई मोडली नाही, सुटली. पत्त्यांचा जोड हाताखाली सरकावा तशा पट्ट्या एकमेकींवरून सरकल्या. तुळईचं पोट उघडलं आणि वजनं धडाधड खाली आली. त्यातलं एक गडगडत पहिल्या रांगेपर्यंत गेलं. एका जाड्या पाहुण्याने पाय वर घेतले. लागलं कुणालाच नाही. हसलंही कुणी नाही.

मालक आधी प्रेसवरच्या माणसावर धावला. "दाब किती ठेवला होतास? झोपला होतास का?"

म्हाताऱ्याचा मुलगा खाली मान घालून उभा राहिला. "बरोबर ठेवला होता साहेब."

"बरोबर ठेवला तर हे काय आहे? तुझं डोकं?"

पाहुण्यांसमोर, गावासमोर, बायकोसमोर तो ते ऐकून घेत होता. बायको फडकं बांधलेला हात पदराखाली धरून भिंतीला टेकली होती. तेवढ्यात फुटपट्टीने तुळईच्या फटीत आपली पट्टी घातली आणि एक थर उचकटला. गोंदाचा पापुद्रा सलग सुटून आला. खालचा बांबू कोराच होता. त्याने त्यावर नख ओढलं. नख घसरलं. दुसरा थर उचकटला, तिथेही तेच. वरचा हिरवा रंग खरवडून काढलेला, पण खालची साल जागच्या जागी.

फुटपट्टी सावकाश उभा राहिला. भिंतीकडे बघून त्याने म्हाताऱ्यावर नजर लावली. सुनेला कामटीचं ते गुळगुळीतपण बोटावर पुन्हा जाणवलं.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर मालकाने मुलाला बोलावलं. आवाज आता खाली आला होता, तो जास्त वाईट होता. "मी काही दुधखुळा नाही. कारखाना आल्यापासून जुने टोपलीवाले दात धरून आहेत. रंग खरवडून साल ठेवायची, ही चूक नाही, हे डोकं आहे. उद्या हा देखरेखीवाला तुझ्या घरी येऊन बघेल. मुद्दाम केलं असेल तर तुमच्या घरचं काम बंद आणि प्रेसवरही येऊ नकोस. वयाने झालं असेल तर म्हाताऱ्याला बाजूला बसवा, बाकीचं बघू."

मुलगा घरी आला. हाताला चिकटलेला गोंद तो रोज रॉकेलने घासून काढायचा, कातडीची सालपटं निघेपर्यंत. आज त्याने तो तसाच ठेवला.

"मुद्दाम केलंत, आबा?"

"मुद्दामच केलं." म्हातारा खांबाला टेकून बसला होता. "चांगलं व्हावं म्हणून मुद्दाम केलं. त्यांना ताकदीची तुळई हवी होती ना? मग ताकदच काढून कशी देऊ? पाहुण्यांसमोर ठेवायची वस्तू. नागवी कामटी देऊ होय?"

"गोंद धरत नाही सालीला! दहा वेळा सांगितलं होतं!"

"मग गोंद चांगला आणा म्हणावं."

मुलगा हसला. फार वाईट हसला. "हो. उद्या सांगतो मालकाला. तुमचा गोंद बदला, आमचे आबा बदलायचे नाहीत."

मग म्हातारा म्हणाला, "सरकली रे ती. मी बघितली. मला वाटलं नव्हतं सरकेल." त्याचा आवाज एकदम पडला होता. सुनेला त्याची दया आली आणि दयेपेक्षा राग जास्त आला. मनगट सुजलेलं असताना तिने डाव्या हाताने बांधलेले गठ्ठे, त्यात त्याने आपला मान भरून पाठवला होता.

"उद्या मीच सांगतो त्या पट्टीवाल्याला," म्हातारा म्हणाला. "मी ठेवली साल. कुणाशी दावा नव्हता. चांगल्यासाठी ठेवली. चुकलं म्हणतो. अजून काय पाहिजे?"

"चांगल्यासाठी वगैरे कुणी ऐकणार नाही आबा," सून म्हणाली. "त्यांना दोनातलं एक हवंय. मुद्दाम, नाही तर म्हातारपण. मुद्दाम म्हटलं की आपण सगळे रस्त्यावर."

"मग?"

"मी म्हणते, तुमचे डोळे गेलेत म्हणून सांगू."

मुलाने मान वर केली नाही. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला.

"मी आंधळा?"

"आंधळे नाही. कमी दिसतं एवढंच."

"त्या टेकडीखालच्या बेटात कुठला बांबू वाळलाय ते मला इथून दिसतं."

"माहीत आहे मला."

"अजून सुईत दोरा मी ओवतो. तू माझ्याकडे आणून देतेस."

"माहीत आहे हो आबा! सगळं माहीत आहे! पण तुमच्या डोळ्यांचा पगार कोण देतं? यांना प्रेस आहे, मला रंधा आहे, त्यावर हे घर चाललंय. ते राहू दे. एवढंच मागतेय."

असं ती सासऱ्याशी आजवर कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिलाच कानकोंडं झालं. म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं. निदान तो तरी काही म्हणेल असं त्याला वाटलं असावं. मुलगा बोटांवरचा गोंद सोलत होता.

"ती म्हणते तसं करा," मुलगा म्हणाला.

सकाळी फुटपट्टी आला तेव्हा म्हातारा नेहमीच्या जागी बसला होता, पुढ्यात कोयता. कुंपणापलीकडे चुलत जाऊ कपडे वाळत घालायला आली. तिच्या घरीही कारखान्याचं काम होतं. या घरचं बंद झालं की ते आपल्याकडे येईल, हे तिला न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. एकच लुगडं ती पुन्हा पुन्हा झटकत राहिली.

"काय आजोबा," फुटपट्टी उकिडवा बसत म्हणाला. "काय केलंत हे?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. "मी…"

"त्यांना दिसत नाही," सून मध्येच म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कुंपणापर्यंत जाईल एवढ्या. "बरेच दिवस झाले. आम्हीच लपवलं. काम जाईल म्हणून. माझा हात सुजला, रंधा त्यांच्याकडे दिला. त्यांना साल दिसलीच नाही."

"खरं का आजोबा?"

म्हातारा फुटपट्टीच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याची नजर हळूच सरकली आणि साहेबाच्या खांद्याजवळ, जिथे काहीच नव्हतं तिथे जाऊन थांबली.

"अंधुक झालंय," तो म्हणाला.

फुटपट्टीने खिशातली पट्टी काढून समोर धरली. "हे काय आहे?"

"काहीतरी चकाकतंय."

"हं." साहेबाने पट्टी खिशात घातली. पण तो उठला नाही. गाल खाजवत विचार करत बसला. "एक कळत नाही. डोळे गेले मान्य. पण हात तर आहेत ना? तुमच्यासारख्याला साल बघायला डोळे कशाला लागतात? मालक मला हेच विचारणार."

याचा विचार सुनेने केला नव्हता. नवरा दारात उभा होता, त्यानेही केला नव्हता. कुंपणावरचं लुगडं झटकायचं थांबलं.

फुटपट्टीने बाजूच्या ढिगातून दोन कामट्या उचलल्या. एक सुनेने रंधलेली, पुरी सोललेली. दुसरी तिच्या हाताखालून अजून न गेलेली, सालीसकट. त्याने दोन्ही म्हाताऱ्याच्या हातात ठेवल्या. "डोळे मिटा आजोबा. साल कुठल्या पट्टीला आहे, सांगा."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. पहिली कामटी त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. दुसरी घेतली. अंगठा तिच्यावरून निघाला आणि मध्येच थांबला. थोडा मागे आला. पुन्हा पुढे गेला, सावकाश, मायेने. लहान मुलाच्या पाठीवरून फिरावा तसा. सुनेला तो अंगठा दिसत होता. त्याला कळलंय, हे तिला कळलं. नवऱ्यालाही कळलं असणार, कारण त्याने दाराची चौकट धरली. ती एकटक बघत राहिली. तिने त्याचे डोळे मागितले होते. हे तिने मागितलं नव्हतं. पण आता ते मागे घ्यायची हिंमत तिच्यात नव्हती, आणि मनातल्या मनात ती तेच म्हणत होती, चुका आबा, चुका.

म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. ओठ आवळले गेले. त्याने सोललेली कामटी उचलून पुढे केली.

"ही," तो म्हणाला. "हिला साल आहे."

"नक्की?"

"नक्की. हातच सांगतोय."

कुंपणापलीकडून "अरेरे" ऐकू आलं. जाऊला खरंच वाईट वाटलं होतं, आणि तेच सगळ्यांत जिव्हारी लागणारं होतं. फुटपट्टीने म्हाताऱ्याच्या हातातून दोन्ही कामट्या हळूच काढून घेतल्या. त्याच्याही चेहऱ्यावर खरं दुःख होतं.

"हात पण गेले म्हणायचे," तो सुनेला हलक्या आवाजात म्हणाला, म्हातारा ऐकतोय याची पर्वा न करता. दिसेनासं झालेल्या माणसाला ऐकूही येत नाही, असं लोक धरूनच चालतात. "मालकांना सांगतो मी. तुमचं काम चालू राहील. यांचं प्रेसवरचंही. पण आजोबांच्या हातात हत्यार देऊ नका आता. स्वतःला कापून घेतील."

"नाही देणार," सून म्हणाली.

"आत्ताच उचला ना तो कोयता."

तिने वाकून कोयता उचलला. म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता. कोयता होता त्या जागी त्याने तळहात टेकला, इकडेतिकडे फिरवला, आणि रिकामा हात परत मांडीवर घेतला. साहेबाने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "आराम करा आजोबा. खूप केलंत." मग तो नवऱ्याशी दोन शब्द बोलला, नवऱ्याने दोन्ही हात जोडले, आणि दोघे बरोबरच कारखान्याच्या वाटेला लागले. प्रेस सुरू व्हायची वेळ झाली होती.

वळणापलीकडे ते दिसेनासे होईपर्यंत सून उभी राहिली. मग सासऱ्याजवळ येऊन बसली.

"गेले ते, आबा. उठा. चहा टाकते."

म्हातारा हलला नाही.

"कोण गेलं?"

"साहेब गेला. आता कोणी नाही."

"कोणी नाही होय." त्याचे डोळे उघडे होते, स्वच्छ होते, आणि तिच्या तोंडावरून पलीकडे कुठेतरी लागले होते. "मला कसं कळणार गं? हात दे. आत ने मला."

"आबा, असं नका ना करू."

"हात दे."

कुंपणापलीकडे जाऊ अजून उभी होती. सुनेने हात पुढे केला. म्हाताऱ्याने हवेत दोनदा चाचपून तिचं सुजलेलं मनगट पकडलं आणि त्यावर भार देऊन उठला. कळ थेट खांद्यापर्यंत गेली. ती ओरडली नाही. दोघं अंगण ओलांडत दारापर्यंत आली. उन्हं चांगली वर आली होती, अंगणातला खडा न् खडा दिसत होता.

"उंबरा आहे," ती म्हणाली. "पाय उचला."

म्हाताऱ्याने पाय उचलला, उंबऱ्यापेक्षा कितीतरी वर, आणि तो खाली कुठे टेकायचा हे ती सांगेपर्यंत तसाच धरून ठेवला.